जोत्याखालचे पाणी आणि घराची वाटणी

(मंडळाच्या राधानगरी येथील वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संमेलनाच्या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह, व्यवसाय आणि संघटना या विषयांवर बोलण्याची आपल्या मंडळाची परंपरा आहे. आज आम्ही आपले लक्ष जरा खालच्या विषयाकडे वेधणार आहोत. खालचा म्हणजे हलका नव्हे. तो अक्षरशः आपल्या पायांखाली आहे. घराच्या जोत्याखाली ओल कशी साठते, ती वर कशी चढते, तिला बाहेर जाण्यास वाट कशी द्यावी, आणि ती वाट आपण आपल्याच वाटण्यांच्या वेळी कशी बुजवून टाकतो, एवढेच आज सांगावयाचे आहे. हा विषय गवंड्यांच्या सभेत शोभावा असे कोणास वाटेल. परंतु ज्या घरात बाळंतीण, तान्हे मूल आणि दम्याने बेजार झालेले वृद्ध माणूस एकाच ओलसर माजघरात आषाढ-श्रावण काढतात, त्या घरापुरता तरी हा गवंड्याचा प्रश्न राहत नाही, कुटुंबाचा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल व बुरशी यांविषयी स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांस दमा व श्वसनाचे इतर विकार अधिक आढळतात, हा तिचा निष्कर्ष आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी तो कोणत्याही मार्गदर्शिकेवाचून जाणला होता. म्हणून तर बाळंतिणीची खोली घरातील सर्वांत कोरडी असावी असा त्यांचा आग्रह असे.

प्रथम आपण कोठे राहतो याचा विचार करू. कोल्हापूर शहरात वर्षाला सुमारे एक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पश्चिमेस घाटाकडे चढत आपण राधानगरीस येतो, तो हाच पाऊस तीन हजारांच्या वर जातो, आणि दाजीपूरच्या रानात त्याहूनही अधिक. आकड्यांनी मनावर काही ठसत नाही, म्हणून हिशेब मांडून पाहू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी झाले. हजार चौरस फुटांचे, म्हणजे सुमारे त्र्याण्णव चौरस मीटरांचे छप्पर धरले, तर तीन हजार मिलिमीटर पावसात त्याच्या पागोळ्यांतून पावणेतीन लाख लिटरांहून अधिक पाणी जोत्याच्या कडेला कोसळते. दहा हजार लिटरांचे अठ्ठावीस टँकर कोणी आपल्या भिंतीच्या मुळाशी आणून रिते केले, तर आपण त्याच्याशी भांडू. पागोळ्या मात्र हेच काम चार महिन्यांत मुकाट्याने करतात आणि आपण तिकडे पाहतही नाही.

या पाण्यातील काही वाहून जाते, काही जमिनीत मुरते. मुरलेले पाणी खालीच जाईल असा आपला समज असतो. परंतु मातीच्या व विटेच्या बारीक रंध्रांतून पाणी वरही चढते. दिव्याच्या वातीत तेल चढते त्याच न्यायाने हे घडते, आणि शास्त्रात यास केशाकर्षण म्हणतात. एक मिलिमीटर व्यासाच्या नळीत पाणी सुमारे तीन सेंटिमीटर चढते. नळी दहापट बारीक केली तर तीस सेंटिमीटर. छिद्र जितके बारीक तितकी चढण अधिक. म्हणूनच मातीच्या भेंड्यांची अथवा विटांची भिंत कमरेपर्यंत ओली होते, आणि त्या ओलीबरोबर जमिनीतील क्षार वर येतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात, पांढरी पूड फुलून येते, गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला असे म्हणतो. लोणा हा भिंतीचा रोग नव्हे. पाणी कोठवर चढले याची ती खूण होय.

आता याच नियमाची दुसरी बाजू पाहावी. छिद्र मोठे असेल तर पाणी चढू शकत नाही. दगडगोट्यांच्या राशीतील पोकळ्या इतक्या मोठ्या असतात की त्यांतून पाणी खाली निथळते, वर मात्र चढत नाही. आपल्या भागातील जुन्या जाणत्या गवंड्यांनी जोत्याला काळा घडीव दगड लावला आणि जोत्याच्या पोटात दगडगोटे रचले, ते केवळ भक्कमपणासाठी नव्हे. काळा दगड घट्ट, त्यात पाणी शिरत नाही. जांभा सच्छिद्र, तो पाणी पितो. म्हणून जोते काळ्या दगडाचे आणि त्यावर भिंत जांभ्याची, विटांची वा भेंड्यांची, अशी ती रचना असे. शिवाय जोते उंच, वळचण चांगली हात-दीड हात पुढे आलेली, पावसाची झड येते त्या पश्चिमेच्या भिंतीला गवताचे आवरण, आणि घराभोवती पाणी वाहून नेणारा चर. दरवर्षी मृगाच्या आधी हा चर उकरणे हे घरातील कर्त्या पुरुषाचे काम असे. शेणाने सारवलेली जमीन थोडी ओल शोषून घेई आणि ऊन पडताच सोडून देई. आठवड्याच्या सारवणात तिची डागडुजी होऊन जाई. त्या जमिनीचे आम्ही गोडवे गाणार नाही, कारण ती राखण्यात आपल्या मातांची कंबर मोडत असे. परंतु तिच्यात ओल कोंडली जात नसे, एवढे मान्य केले पाहिजे.

वाऱ्याने खालची ओल कशी काढावी हेही आपल्या घरात पूर्वापार ठाऊक होते. भाताची कणगी कधी थेट जमिनीवर ठेवीत नसत. खाली दगड, दगडांवर फळ्या, फळ्यांवर कणगी. पिंजराची गंजीसुद्धा लाकडे आडवी टाकून मगच रचीत. फळीखालून वारा खेळला पाहिजे, हा त्यातील हेतू. जमिनीपासून धान्य अलग ठेवण्याची जी काळजी आपण घेतली, ती जमिनीवर अंथरूण टाकून निजणाऱ्या माणसांविषयी घेतली का, असा प्रश्न कोणी केला तर उत्तर देणे कठीण आहे.

याच कृष्णा खोऱ्यात सांगलीजवळ हरिपूर येथे याच्या नेमका उलट प्रकार पाहावयास मिळतो. तेथे हळद जमिनीखालच्या पेवांत साठवीत आले. तेथील माती इतकी घट्ट आणि पाणी न झिरपणारी की त्या पेवांत हळद दीर्घकाळ सुरक्षित राहत असे. २००५ च्या महापुरात मात्र नदीचे पाणी पेवांत शिरले आणि त्यांचा नाश झाला. म्हणजे भूमीच्या पोटात राहणे हा दोष नव्हे. पाणी तेथवर पोहोचते की नाही, हाच खरा प्रश्न आहे. हरिपूरकरांनी कोरडी माती पाहून धान्याला खाली नेले, आपण ओली माती पाहून त्याला वर उचलले. विचार दोघांचाही एकच होता.

मग अलीकडे बिघडले काय? घरे पक्की झाली, परंतु ओल कमी झाली नाही, किंबहुना पुष्कळ ठिकाणी वाढली, ही तक्रार आम्ही तालुक्यातील घरोघरी ऐकतो. याची कारणे गूढ नाहीत. पहिले कारण हे की मातीच्या व जांभ्याच्या जुन्या भिंतीवर आपण सिमेंटचा गिलावा चढवितो. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडून ठेवते. कोंडलेल्या ओलीस बाहेर पडता आले नाही की ती गिलाव्यामागून अधिक उंच चढते. पूर्वी गुडघ्याएवढी असलेली ओल कमरेएवढी होते आणि आपण म्हणतो की भिंतच खराब निघाली. दुसरे कारण असे की सारवलेल्या जमिनीवर आपण फरशी बसविली, परंतु फरशीखाली दगडगोटे न भरता जवळची माती किंवा बारीक मुरूम दाबून भरला. त्या मातीतून ओल फरशीच्या सांध्यांपर्यंत येते आणि कडेने भिंतीत शिरते. तिसरे कारण आपल्या हातचे नव्हे. रस्त्यावर दर काही वर्षांनी नवा थर पडतो आणि रस्ता वर चढत जातो. आजोबांनी तीन पायऱ्या चढून जावे असे बांधलेले जोते नातवाच्या काळात रस्त्याशी समपातळीत येते. राष्ट्रीय इमारत संहितेने जोते सभोवतालच्या जमिनीपासून निदान ४५ सेंटिमीटर उंच असावे असे सांगितले आहे. आपल्या पेठेत हिंडून किती जोती या कसोटीस उतरतात ते आपणच पाहावे.

येथे कोणी म्हणेल की खिडक्या-झरोके उघडे ठेवा म्हणजे झाले. या सल्ल्याविषयी थोडे सावधपणे बोलले पाहिजे, कारण तो अर्धाच खरा आहे. अमेरिकेत पुष्कळ घरांच्या खाली दोन-तीन फूट उंचीची पोकळी असते. ती कोरडी राहावी म्हणून दर १५० चौरस फूट जागेमागे एक चौरस फूट झरोका ठेवावा, असा नियम तेथे दीर्घकाळ चालत आला. पुढे त्या देशाच्या आग्नेय भागात, जेथे उन्हाळा उष्ण आणि दमट असतो, तपासणी केली तेव्हा निराळेच आढळले. झरोक्यांतून येणारी दमट हवा घराखालच्या थंड लाकडावर व नळांवर दव होऊन बसे, आणि झरोके असलेली पोकळी अधिक ओली राही. याउलट जमिनीवर प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरून पोकळी बंद केली तेथे लाकूड कोरडे राहिले. याचे कारण सोपे आहे. २५ अंश सेल्सिअस उष्णतेची हवा दर घनमीटरास सुमारे २३ ग्रॅम बाष्प धरू शकते, २० अंशांची हवा सुमारे १७ ग्रॅम. बाष्पाने भरलेली हवा थंड फरशीला टेकली की जास्तीचे बाष्प तेथेच पाणी होऊन बसते. आपण म्हणतो, फरशीला घाम फुटला.

राधानगरीचा आषाढ म्हणजे बाहेरची हवाच पाण्याने भरलेली. त्या हवेने घर सुकत नाही. पावसाळ्यात वारा खेळता ठेवावयाचा तो घरात निर्माण होणारी वाफ बाहेर घालविण्यासाठी: चुलीची, न्हाणीघराची, आणि दोरीवर वाळत टाकलेल्या लुगड्या-धोतरांची. भिंती आणि जोते सुकविणारा वारा तो दिवाळीनंतरचा. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत आपल्याकडे कोरडी, थंड हवा वाहते. त्या चार महिन्यांत दारे, खिडक्या आणि झरोके दिवसभर उघडे ठेवावेत, भिंतीला लावलेली कपाटे व पेट्या हातभर पुढे ओढाव्यात, कोनाडे रिकामे करावेत. आपण करतो ते याच्या उलट. पावसाळ्यात उकडते म्हणून खिडक्या उघडतो आणि थंडीत गारठा लागतो म्हणून बंद करतो.

ओल खालून येते की हवेतून बसते, हे ओळखण्याची एक साधी परीक्षा आहे. हातभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद जमिनीवर पसरून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने घट्ट चिकटवाव्यात आणि एक दिवस, एक रात्र तसाच ठेवावा. नंतर कागदाखाली थेंब दिसले तर ओल खालून येत आहे. कागदाच्या वरच्या अंगास दव असून खालची जमीन कोरडी असेल, तर ती हवेतील. या परीक्षेस खर्च काहीच नाही, आणि ती न करता लोक हजारो रुपयांचे रंग भिंतींना फासतात.

बंधु-भगिनींनो, आता आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. आजवर जे सांगितले ते एकट्या मालकाच्या घराविषयी. परंतु आपल्या समाजातील बहुतेक जुनी घरे आज एकाची राहिलेली नाहीत. तालुक्यातील एका घराची हकीकत, गाव व नाव न सांगता, येथे निवेदन करतो. डोंगरउतारावर बांधलेले हे घर. मागची जमीन उंच, पुढची खाली. मूळ पुरुषाने घर आणि मागची दरड यांमध्ये तीन फुटांची मोकळी वाट सोडली होती आणि तिच्यातून एक चर काढून दोन्ही अंगांनी पाणी खाली ओढ्याकडे नेले होते. पुढे तीन भावांत वाटणी झाली. सोपा, माजघर, परसू यांच्या उभ्या तीन पट्ट्या पडल्या. थोरल्याने आपल्या वाट्याच्या मागच्या वाटेत न्हाणीघर बांधले, धाकट्याने आपल्या बाजूस सरपणाची खोपी घातली आणि तिच्याखालचा चर मातीने भरून घेतला. आपापल्या जागेत आपापले काम. कोणी कोणाच्या हद्दीत गेले नाही. परंतु दरडीचे पाणी मधल्या भावाच्या पट्टीत अडकले. त्याच्या घराला दोन्ही अंगांस सामाईक भिंती, म्हणून उजेड आणि वारा येणार तो फक्त पुढून आणि मागून. मागचे दार तर पाणी येते म्हणून त्याने विटांनी बुजविले.

पुढची दहा वर्षे त्याने घरासाठी जे जे केले ते सर्व आतून केले. फरशी बदलली, सिमेंटचा गिलावा केला, पाणी न शिरणारा म्हणून मिळणारा रंग दोनदा दिला. दर पावसाळ्यात रंग फुगून पडला. मुलीला दमा जडला. शेवटी घरात वास्तुदोष आहे, कोणी तरी काही केले आहे, अशी कुजबुज सुरू झाली. थोरल्या जावेने मधलीच्या हळदीकुंकवास जाणे बंद केले, मधलीने धाकटीच्या बारशास जाणे टाळले. तुंबलेल्या चराचा शेवट असा भाऊबंदकीत झाला. दोष कोणाच्याही मनात नव्हता, तो मागच्या वाटेत होता. परंतु मागच्या वाटेत जाऊन पाहण्याइतका एकमेकांवर विश्वास उरला नव्हता.

सुदैवाने नात्यातील एका वृद्ध गृहस्थांनी तिन्ही भावांना एका रविवारी मागच्या दरडीपाशी उभे केले आणि पाणी कोठून येते, कोठे अडते, ते बोटाने दाखविले. त्यांनी न्याय सांगितला नाही, फक्त उतार दाखविला. त्या दिवाळीनंतर खोपी हलविली गेली, न्हाणीघराखालून नळ टाकून चर पुन्हा जोडला गेला, मधल्याचे मागचे दार उघडले. पुढच्या पावसाळ्यात पाणी आत आले नाही. तरी भिंत लगेच सुकली नाही, आणि हे आवर्जून सांगितले पाहिजे, कारण येथेच लोकांचा धीर सुटतो. जाड भिंत सुकण्यास इंचामागे साधारण एक महिना लागतो असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. दीड फुटी भिंत म्हणजे दीड वर्ष. पाणी तोडल्यानंतर निदान एक हिवाळा व एक उन्हाळा भिंतीला द्यावा आणि मगच नवा गिलावा करावा.

पाणी दारात येऊ न देता त्याला बाजूने वाट द्यावी, हे राधानगरीच्या माणसास कोणी शिकवावयास नको. राजर्षी शाहू छत्रपतींनी भोगावतीवर धरणाचा संकल्प केला आणि ते काम विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाले. महाराज १९२२ साली निवर्तले, धरण त्यांच्या पश्चात पुष्कळ वर्षांनी पूर्ण झाले. त्या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याने ठरावीक पातळी गाठली की माणसाने हात न लावता उघडतात. एवढ्या मोठ्या बांधानेही पाण्याशी हट्ट केला नाही, जास्तीच्या पाण्यास वाट ठेवली. आपल्या जोत्याचा हट्ट तरी कशाला? दोन हजार वर्षांपूर्वी रोमन स्थपती व्हिट्रुव्हियस यानेही हेच लिहून ठेवले आहे. भिंतीला सतत ओल येत असेल तर तिच्यापासून थोडे अंतर सोडून आत दुसरी पातळ भिंत बांधावी, मधल्या पोकळीत घराच्या जमिनीहून खोल पन्हळ काढून पाणी बाहेर न्यावे, आणि त्या पोकळीस बाहेरच्या हवेची तोंडे ठेवावीत, असे तो सांगतो. आपल्या मूळ पुरुषाने सोडलेली तीन फुटांची मागची वाट आणि रोमन स्थपतीची ती पोकळी, दोहोंचे तत्त्व एकच.

आता प्रत्यक्ष उपाय, आणि तेही क्रमाने; कारण क्रम चुकला की पैसा वाया जातो. सर्वप्रथम छपराचे पाणी. पागोळ्यांना पन्हळ लावून ते पाणी नळाने जोत्यापासून दूर सोडावे. दुसरे, अंगणाचा उतार. जोत्यापासून बाहेरच्या बाजूस पहिल्या दहा फुटांत सहा इंच तरी उतार असावा. अंगणात काँक्रीट करताना तर हे विशेष पाहावे, कारण उलट्या उताराचे काँक्रीट पाणी थेट जोत्यात लोटते. तिसरे, चढाच्या बाजूचा चर. त्याचा तळ घराच्या जमिनीहून खाली असावा, परंतु पायाच्या तळाहून खाली जाऊ नये. त्यात छिद्रांचा नळ घालून वर खडी भरली आणि माती शिरू नये म्हणून कापडाचे आवरण दिले, तर तो वारंवार उकरावा लागत नाही. जुन्या मातीच्या भिंतीशेजारी खोदताना एकदम लांब चर उघडू नये. चार-पाच फुटांचा तुकडा खोदून, भरून, मगच पुढे सरकावे. अन्यथा ओल काढताना भिंतच गमवाल.

चौथे, घरातील जमीन. फरशी काढणारच असाल तर खालची माती नऊ इंच काढून तेथे बारीक चूर नसलेली खडी किंवा दगडगोटे भरावेत, त्यावर प्लॅस्टिकचा जाड कागद, त्याच्या कडा भिंतीलगत वर वळविलेल्या, आणि मग काँक्रीट. ज्यांच्या जुन्या वाड्यात लाकडी तक्तपोशीची जमीन, तळघर अथवा बळद आहे त्यांनी समोरासमोरच्या दोन्ही भिंतींतील झरोके मोकळे करावेत, त्यांना उंदीर-सर्प शिरू नयेत म्हणून जाळी बसवावी, तळच्या मातीवर कागद अंथरावा, आणि भर पावसाळ्यात ते झरोके बंद करता येतील अशी झडप ठेवावी. पाचवे आणि सर्वांत शेवटचे, भिंत. कमरेपर्यंतचा सिमेंटचा गिलावा काढून भिंत उघडी ठेवावी, लोणा कोरड्या कुंच्याने झाडून गोळा करून बाहेर टाकावा, पाण्याने धुऊ नये. धुतल्याने क्षार पुन्हा भिंतीतच जातात. भिंत सुकल्यावर चुन्याचा गिलावा करावा. आपण बहुधा या पाचव्या पायरीपासून आरंभ करतो, आणि पहिल्या तीन पायऱ्यांवर कधी पोहोचतच नाही.

नदीकाठच्या आपल्या बांधवांसाठी एक शब्द. भोगावती पुढे पंचगंगेस मिळते, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये व पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगाकाठच्या घरांत पाणी कित्येक दिवस उभे होते. अशा घराच्या जोत्याच्या पोटातील भराव आतून पूर्ण भिजलेला असतो. पूर ओसरताच घाईने नवी फरशी व रंग करण्याचा मोह होतो. सणवार जवळ असतात, पाहुणे यावयाचे असतात. परंतु भिजलेल्या भरावावर फरशी घालणे म्हणजे ओलीवर झाकण ठेवणे होय. एक कोरडा हंगाम थांबावे.

वर सांगितलेल्या उपायांपैकी पहिले तीन एकट्या भावास करता येत नाहीत, हे आपल्या ध्यानी आलेच असेल. पन्हळीचे पाणी कोणाच्या तरी अंगणातून जाणार, चर कोणाच्या तरी वाट्यातून निघणार. यास्तव आमची खरी विनंती गवंड्यांस नसून वाटणीपत्र लिहिणाऱ्या कर्त्या मंडळींस आहे. कायदा या बाबतीत आंधळा नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या तेराव्या कलमात सामाईक मिळकतीच्या वाटणीचा विचार केलेला आहे. एका वाट्याचा उपभोग घेण्यास दुसऱ्या वाट्यावरील जी सोय आवश्यक असेल, तिचा हक्क वाटणीनंतरही त्या भावास मिळतो. तसेच प्रकाश, हवा व पाण्याचा निचरा यांचा वीस वर्षे अखंड व निर्वेध उपभोग घेतला असेल, तर त्यावर हक्क सांगता येतो. परंतु हा हक्क न्यायालयात शाबीत करावयाचा म्हणजे वर्षे जातात, आणि तोवर दर पावसाळ्यात पाणी आत येतच राहते. निकाल लागेपर्यंत भिंतही उरत नाही आणि भाऊही.

त्याऐवजी वाटणीच्या दिवशीच चार ओळी लिहून ठेवाव्यात. विहीर सामाईक, बोळ सामाईक, देवघर सामाईक, असे आपण लिहितोच. त्याच ओळीत आणखी चार गोष्टी याव्यात. घरामागची वाट सामाईक व मोकळी राहील. चर सामाईक राहील व मृगापूर्वी सर्वांनी मिळून साफ करावा. पागोळ्यांचे पाणी अमुक दिशेने जाईल. मधल्या वाट्याचे मागचे दार व झरोके कोणी बुजवू नयेत. सोबत एक साधा नकाशा जोडून त्यावर पाण्याची वाट बाणाने दाखवावी आणि वाटणीपत्राची रीतसर नोंदणी करावी. दागिन्यांची वाटणी गुंजेपर्यंत करणारे आपण, पाण्याच्या उताराला एक ओळ देऊ शकत नाही असे नाही.

ज्यांच्या वाटण्या पूर्वीच होऊन गेल्या आहेत त्यांनीही निराश होऊ नये. सर्व भावांच्या संमतीने असा लेख आजही करता येतो. या कामी मंडळाने पुढाकार घ्यावा अशी आमची सूचना आहे. दरवर्षी दिवाळीनंतर गावोगावच्या दोन-दोन जाणत्या गृहस्थांनी, बरोबर एक अनुभवी गवंडी घेऊन, जेथे बोलावणे येईल तेथे जावे आणि सर्व भाऊ, भावजया व घरातील वडील माणसे यांना मागच्या वाटेत उभे करून पाणी कोठून येते ते दाखवावे. निवाडा करू नये, उतार दाखवावा. भावजयांना बोलाविण्यास विसरू नये, कारण ओलीत दिवस काढतात त्या, आणि पाणी कोणत्या कोपऱ्यातून प्रथम येते हे पुरुषांपेक्षा त्यांनाच अधिक ठाऊक असते.

मृग सुरू होण्यास अजून अवधी आहे. घरी परतल्यावर प्रत्येकाने एकदा आपल्या घरास बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा घालावी. ज्या ठिकाणी शेजारच्या भावाच्या भिंतीमुळे प्रदक्षिणा अडेल, तेथे त्याला हाक मारून बरोबर घ्यावे आणि दोघांनी मिळून ती पुरी करावी. एवढी आमची प्रार्थना आहे.

जय महाराष्ट्र.